आधी यंत्राला आवरण, मग कामगाराला उपदेश
(कामगार-सुरक्षेच्या इतिहासाचा एक पाठ)

कारखान्यात एखाद्या कामगाराचा हात यंत्रात सापडला की त्या घटनेची नोंद एका कागदावर होते. त्या कागदावर अपघाताचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो आणि त्या रकान्यात पुष्कळदा दोनच शब्द आढळतात : ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणतेही साधन हाती घेतले की प्रथम काही प्रश्न विचारावेत, असे आपण वर्गात शिकतो. हे कोणी लिहिले? कोणासाठी लिहिले? ज्याच्याविषयी लिहिले, त्याचे म्हणणे त्यात आले आहे काय? ताम्रपटांना आणि बखरींना लावायची ही कसोटी कारखान्यातील त्या कागदालाही लावली पाहिजे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारे सर्वच विद्यार्थी महाविद्यालयात जात नाहीत. अनेकजण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतात, काही दहावीनंतर थेट औद्योगिक वसाहतीत कामाला लागतात. त्यांच्या हातात आपण प्रमाणपत्र देतो. परंतु तो हात शाबूत कसा राहील, याचे शिक्षणही दिले पाहिजे. बोट गेलेला तरुण गावी परततो तेव्हा घरची माणसे ‘नशिबात होते’ असे म्हणतात. व्यवस्थापन म्हणते, ‘त्याचे लक्ष नव्हते.’ ही दोन विधाने वेगळी वाटली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. दोन्हींमुळे यंत्राकडे कोणी पाहत नाही. अपघात हा दैवाचा घाला नव्हे. त्याला कारणे असतात, आणि जी कारणे शोधता येतात ती दूरही करता येतात.

गिरणी आली, पट्टा आला

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढच्या काही दशकांत मुंबईचे आकाश गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेले. त्या काळी प्रत्येक यंत्राला स्वतंत्र विजेची मोटर नसे. एका मोठ्या वाफेच्या इंजिनावर संपूर्ण गिरणी चाले. इंजिनाची शक्ती छताखालून गेलेल्या लांबच लांब लोखंडी दांड्यांनी, म्हणजे शाफ्टांनी, प्रत्येक खात्यात नेली जाई आणि तेथून चामड्याच्या पट्ट्यांनी खालच्या यंत्रांपर्यंत उतरवली जाई. डोक्यावर फिरणारे शाफ्ट, अंगाजवळून धावणारे पट्टे आणि उघडी दंतचक्रे यांच्यामध्ये स्त्रिया, पुरुष आणि लहान मुले काम करीत. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात अडकला, तर इंजिन थांबवण्याचा उपाय त्या कामगाराच्या हाती नसे. ते इंजिन दूर, दुसऱ्याच इमारतीत असे.

इंग्लंडने हा अनुभव आधीच घेतला होता. तेथील १८४४ च्या कारखाना कायद्याने यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती प्रथम केली. ‘कुंपण’ हाच शब्द त्या कायद्यात होता. शेतात जनावर शिरू नये म्हणून जसे कुंपण, तसे माणसाचा हात यंत्रात शिरू नये म्हणून यंत्राभोवती कुंपण. ही कल्पना साधी असली तरी गिरणीमालकांनी तिला विरोध केला. सात फुटांहून उंच असलेल्या शाफ्टांना कुंपणाची गरज नाही, अपघात होतात ते कामगारांच्या बेपर्वाईने, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८५५ मध्ये त्यांनी आपली संघटना उभारली आणि १८५६ च्या कायद्याने ही सक्ती सौम्य करून घेतली. ‘निष्काळजीपणा’ हे कारण किती जुने आहे आणि ते प्रथम कोणाच्या सोयीचे होते, हे यावरून समजते.

मुंबई सरकारने १८७५ साली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात गिरणीमालकांचे प्राबल्य होते आणि कायद्याची गरज नाही असेच बहुसंख्य सभासदांचे मत पडले. तरीही १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाचे नऊ तास ही मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. मात्र शंभर किंवा त्याहून अधिक माणसे जेथे काम करतात, अशाच कारखान्यांना हा कायदा लागू होता. नव्व्याण्णव माणसांच्या कारखान्यातील पट्टा उघडाच राहिला. हा आकड्यांचा उंबरठा लक्षात ठेवावा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा भेटणार आहे.

लोखंडे यांची मागणी

कायदा वरून आला तशी खालूनही एक मागणी आली. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे हे १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज चौकशी आयोगापुढे ठेवला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, वेतन वेळेवर मिळावे, या त्यातील मागण्या आपल्याला माहीत असतात. त्याच अर्जातील आणखी एक मागणी मात्र पाठ्यपुस्तकात क्वचित येते. कामावर असताना गंभीर दुखापत झाल्यास कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण वेतन मिळावे आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी, ही ती मागणी होय.

दुखापत हा कामगाराचा खाजगी दुर्भाग्ययोग नसून ती कामातून उद्भवलेली गोष्ट आहे, म्हणून तिची जबाबदारी काम करवून घेणाऱ्यावर येते, हे तत्त्व त्या मागणीत सामावलेले आहे. कामगारांना नुकसानभरपाई देणारा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. म्हणजे ज्यांना शासकीय भाषेत ‘अशिक्षित’ म्हटले जाई, त्यांनी जी गोष्ट १८८४ मध्ये मागितली, ती मान्य होण्यास एकोणचाळीस वर्षे लागली.

धोटा आणि जात

यंत्राची रचना ही केवळ तांत्रिक बाब नसते, याचे एक उदाहरण मुंबईच्या गिरण्यांतच मिळते. विणकाम खात्यात धोट्यात नवी कांडी भरल्यावर सुताचे टोक धोट्याच्या लहानशा छिद्रातून बाहेर काढावे लागे आणि त्यासाठी कामगार छिद्राला तोंड लावून सूत श्वासाने ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. सुताबरोबर धूळ आणि तंतूही पोटात व छातीत जात. आरोग्याच्या दृष्टीने ही पद्धत घातक होती. पण आपल्याकडे तिचा आणखी एक उपयोग करून घेण्यात आला. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सांगून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्याच्या दाराबाहेर ठेवण्यात आले. याच खात्यात वेतन अधिक मिळे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी केली.

तोंड न लावता हाताने सूत ओवता येईल असे धोटे जगात तयार होत होते. ते सर्रास वापरात आणले असते तर कामगारांची छाती वाचली असती आणि बहिष्काराची सबबही उरली नसती. सदोष साधन वापरात ठेवले जाते तेव्हा त्याची किंमत कोणीतरी चुकवीत असतो, आणि बहुधा ज्याला नकार देण्याची मुभा नाही त्याच्याच वाट्याला ती येते.

मजूरमंत्र्यांचा काळ आणि १९४८ चा कायदा

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद भागातील कोळसा खाणींना भेट दिली आणि भूगर्भात उतरून कामाची स्थिती स्वतः पाहिली. १९४५ साली मजूर खात्यांतर्गत कारखान्यांसाठी मुख्य सल्लागाराचे कार्यालय स्थापन झाले. आज मुंबईत शीव येथे मुख्यालय असलेले केंद्र सरकारचे कारखाना सल्ला सेवा महासंचालनालय हे त्याचेच पुढचे रूप होय. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. सुरक्षिततेच्या पाठात कामाच्या तासांचा संबंध काय, असे वाटण्याचा संभव आहे. थकलेल्या माणसाचा हात जागच्या जागी राहत नाही, हे त्याचे उत्तर. तासांची मर्यादा हेही एक अदृश्य आवरणच आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून तो अमलात आला. त्याचे चौथे प्रकरण संपूर्णपणे सुरक्षिततेला वाहिलेले होते. त्याचे कलम २१ प्रत्येक कामगाराने समजून घ्यावे असे आहे. यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण असले पाहिजे, ते सदैव सुस्थितीत ठेवले पाहिजे आणि तो भाग फिरत असताना ते जागेवर असले पाहिजे, असा त्याचा आशय होता. येथे आवरणाची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकली होती. ‘कामगाराने सांभाळून काम करावे’ असे या कलमाचे सांगणे नव्हते.

हे कर्तव्य किती कडक होते, याचा एक दाखला इंग्लंडमधून देता येईल. तेथील आवरणाचा नियम आपल्या कलमाशी मिळताजुळता होता. एका कामगाराच्या अंगठ्याला फिरत्या सहाणचाकाने इजा झाली. चाक पूर्ण झाकले तर त्यावर कामच करता येणार नाही, असा मालकाचा बचाव होता. १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो अमान्य केला. झाकल्याने यंत्र निरुपयोगी होत असले तरी झाकण्याचे कर्तव्य कमी होत नाही, असा त्या निर्णयाचा अर्थ होता.

यंत्र इजा कशी करते?

आता यंत्राकडे वळू. खेड्यातील विद्यार्थ्याला कारखाना अपरिचित असला तरी यंत्र अपरिचित नसते. रसवंतीच्या चरकात दोन लाटा एकमेकींकडे फिरतात. त्यांच्यामध्ये ऊस ज्या जागी ओढला जातो, तेथे बोटही ओढले जाते. पिठाच्या गिरणीचा पट्टा जेथे पुलीवर चढतो, तेथेही अशीच चिमटीची जागा असते. दंतचक्रे जेथे एकमेकांत गुंततात, ती जागाही याच प्रकारची. कडबा-कुट्टीचे पाते कापते. लेथचा चक किंवा ड्रिलचा गोल दांडा बाही, ओढणी, केस किंवा हातमोजा गुंडाळून घेतो आणि मागोमाग माणसाला ओढतो. म्हणूनच ड्रिलवर काम करताना हातमोजे घालू नयेत, असा नियम आहे. संरक्षणासाठी घातलेली वस्तूच तेथे घात करते. सहाणचाक फुटले तर त्याचे तुकडे वेगाने उडतात. पॉवर प्रेसचा वरचा भाग खालच्या साच्यावर आदळतो आणि मध्ये जे असेल ते चिरडतो.

शहराभोवतीच्या लहान कारखान्यांत पत्रा कापणे, वाकवणे, भोके पाडणे ही कामे पॉवर प्रेसवर चालतात. अनुभव नसलेल्या मुलाला बहुधा येथेच बसवले जाते, कारण काम सोपे दिसते. डाव्या हाताने पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, तयार तुकडा काढून घ्यायचा. आपण थोडे गणित करू. मिनिटाला दहा तुकडे धरले तर तासाला सहाशे आणि आठ तासांत चार हजार आठशे होतात. म्हणजे एका पाळीत त्या मुलाचा हात चार हजार आठशे वेळा साच्याखाली जातो. ‘लक्ष दे’ असे सांगणाऱ्याची अपेक्षा अशी असते की या चार हजार आठशे वेळांपैकी एकदाही त्याचे चित्त ढळू नये. यंत्राला मात्र एकच वेळ पुरते.

आणखी एक हिशेब पाहा. डोळ्यांना धोका दिसल्यावर हात हलण्यास माणसाला साधारणतः सेकंदाचा पाचवा भाग लागतो. प्रेसचा वरचा भाग त्याआधीच खाली आलेला असू शकतो. जुन्या धाटणीच्या चावीच्या क्लचवर चालणाऱ्या प्रेसमध्ये एकदा फेरा सुरू झाला की तो मध्येच थांबवता येत नाही. शिवाय क्लचची चावी किंवा स्प्रिंग झिजली असेल, तर पेडल न दाबताही दुसरा फेरा होऊ शकतो. अशा वेळी कामगार कितीही सावध असला तरी त्याचा उपयोग नाही. ज्या अपघातात कामगाराच्या सावधपणाला वावच नव्हता, त्याचे कारण ‘निष्काळजीपणा’ असे लिहिणे हे सत्याला सोडून आहे.

आवरणांचे प्रकार

संरक्षणाच्या उपायांना एक क्रम आहे. प्रथम धोकाच नाहीसा करता येईल काय, ते पाहावे. पत्रा हाताने सरकवण्याऐवजी यंत्रानेच आत सरकवला, तर हात साच्याजवळ जाण्याचे कारण उरत नाही. ते शक्य नसेल तर आवरण घालावे. पट्टे, पुल्या, दंतचक्रे यांना पक्के बसवलेले आवरण पुरते. ते अवजाराशिवाय निघता कामा नये. जे आवरण वारंवार उघडावे लागते, त्याला इंटरलॉक जोडतात. झाकण उघडताच यंत्र थांबते आणि झाकण बंद झाल्याशिवाय सुरू होत नाही.

जेथे पुढची बाजू उघडी ठेवणे भाग असते, तेथे दोन हातांचे नियंत्रण किंवा प्रकाशकिरणांचा पडदा वापरतात. पहिल्या पद्धतीत दोन बटणे एकाच वेळी दोन हातांनी दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही, त्यामुळे दोन्ही हात बाहेर राहतात. दुसऱ्या पद्धतीत हाताने किरण अडवताच यंत्राला थांबण्याचा संकेत मिळतो. चावीच्या क्लचचा प्रेस मध्येच थांबत नसल्याने त्यावर हा पडदा निरुपयोगी ठरतो. ही साधने साच्यापासून किती अंतरावर असावीत, हेही हिशेबाने ठरते. हात सेकंदाला सुमारे १.६ मीटर वेगाने पुढे येतो असे गृहीत धरतात. संकेत मिळाल्यापासून यंत्र थांबण्यास पाव सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात चाळीस सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून साधन त्याहून दूर असले पाहिजे. वीस सेंटिमीटरवर लावलेला पडदा पाहुण्यांना दाखवण्यापुरताच असतो.

यंत्राची सफाई आणि दुरुस्ती ही वेगळी जोखीम आहे. आत हात घातलेला असताना दुसऱ्याने नकळत बटण दाबले, असे प्रसंग घडतात. त्यावर उपाय कुलपाचा. मुख्य स्विच बंद करून त्याला दुरुस्ती करणाऱ्याने आपले कुलूप लावावे, ‘काम चालू आहे’ असा फलक अडकवावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ज्याचा हात आत आहे, त्याच्याचकडे किल्ली असावी, हे त्यातील सूत्र आहे.

प्रशिक्षण, सूचनाफलक, चष्मा आणि बूट यांचा क्रम या सर्वांनंतर येतो. ती साधने आवश्यक आहेत. परंतु ती धोका दूर करीत नाहीत, धोका आणि शरीर यांच्यात शेवटचा पातळ थर ठेवतात. अनेक ठिकाणी या शेवटच्या उपायापासून सुरुवात होते आणि तेथेच शेवटही होतो. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ असे लिहिलेले असते आणि त्याच भिंतीशेजारचा पट्टा उघडा असतो.

खेड्यातही हेच तत्त्व लागू पडते. मळणी यंत्रात धान्याच्या पेंढ्या सरकवताना हात गेल्याच्या घटना वाढल्या, तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला. पेंढी आत सरकवण्याची पन्हाळी पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असावी, म्हणजे हात फिरत्या भागापर्यंत पोहोचतच नाही, हा त्यावरील तांत्रिक उपाय आहे. हात लांब करता येत नाही; पन्हाळी करता येते.

ते अठ्ठ्याऐंशी टक्के

१९३१ साली अमेरिकेत हाइनरिख या विमा क्षेत्रातील अभियंत्याने अपघातांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अठ्ठ्याऐंशी टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात, असे त्याने मांडले. हा आकडा जगभरच्या प्रशिक्षण वर्गांतून सांगितला गेला आणि आजही सांगितला जातो. आपण आपली कसोटी लावू. हाइनरिखची साधने कोणती होती? विमा कंपन्यांकडील दाव्यांची कागदपत्रे आणि कारखान्यांच्या मालकांकडील नोंदी. त्या नोंदी बहुतांशी देखरेख करणाऱ्यांनी लिहिलेल्या होत्या. ज्याच्यावर जबाबदारी येऊ शकते, त्यानेच कारण लिहिले असेल तर त्यात दोष कोणाचा निघेल? पुढील अभ्यासकांनी या आकड्यावर आक्षेप घेतले ते याच दिशेने. माणसाची चूक ही चौकशीची सुरुवात असू शकते, शेवट नव्हे. हात आत का गेला? तुकडा अडकला म्हणून. तुकडा का अडकला? साचा झिजला म्हणून. साचा का बदलला नाही? उत्पादन थांबले असते म्हणून. आवरण का नव्हते? त्याने वेग कमी होतो म्हणून. एवढे प्रश्न विचारल्यावर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कोठे लिहावा, हे आपोआप समजते.

नुकसानभरपाईच्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश बुद्ध्या मोडणे, आवरण बुद्ध्या काढून टाकणे, अशा मोजक्याच कारणांनी भरपाई नाकारता येते. तीही मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर नाकारता येत नाही. केवळ बेसावधपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण नाही. या कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा एक हिशेब दिला आहे. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती तीस टक्के गेली असे धरतात. पूर्ण तर्जनी चौदा टक्के, एका हाताची चार बोटे पन्नास टक्के, हाताचा पूर्ण पंजा साठ टक्के. हा तक्ता वाचताना मन अस्वस्थ होते; पण तो वाचावा. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराला शंभर टक्के अपंग मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. बोटाची किंमत टक्क्यांत मांडली तरी माणसाचे काम टक्क्यांत विभागता येत नाही.

कामगाराचेही कर्तव्य कायद्याने सांगितले आहे. आवरणाशी छेडछाड करू नये, ते काढू नये, असे १९४८ च्या कायद्याचे कलम १११ सांगत होते. ते पाळलेच पाहिजे. परंतु वेगासाठी आवरण काढण्याचा तोंडी हुकूम मिळतो आणि अपघातानंतर तो हुकूम कोणालाच आठवत नाही, अशा वेळी काय करावे? भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १११-अ आणले. सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा, प्रशिक्षण मिळवण्याचा आणि त्रुटी असल्यास निरीक्षकाकडे दाद मागण्याचा अधिकार त्याने कामगाराला दिला. तोंडी हुकुमाला लेखी अर्जाने उत्तर द्यावे. लिहिता येणे ही आपल्या शाळेने दिलेली शक्ती आहे.

आकड्यांचा उंबरठा पुन्हा

१८८१ च्या कायद्यात शंभर कामगारांचा उंबरठा होता. १८९१ मध्ये तो पन्नासावर आला. १९४८ च्या मूळ कायद्यात तो विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीस इतका खाली आणला गेला. संरक्षणाचे छत हळूहळू लहान कारखान्यांपर्यंत पसरत गेल्याचा हा इतिहास आहे. २०२० साली संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीची संहिता संमत केली. १९४८ च्या कायद्यासह तेरा कायदे तिच्यात एकत्र केले आहेत. तिच्यात वार्षिक आरोग्य तपासणीसारख्या काही स्वागतार्ह गोष्टी आहेत. मात्र ‘कारखाना’ या संज्ञेचा उंबरठा तिने विजेसह वीस आणि विजेविना चाळीस असा वर नेला आहे. पॉवर प्रेस ज्या गाळ्यांत चालतात, त्यांपैकी पुष्कळांत वीसही माणसे नसतात. कंत्राटी आणि शिकाऊ मुले तेथेच असतात. उंबरठा वर गेल्याने प्रेसची धार बोथट होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने या बदलाची नोंद घेतली पाहिजे आणि नागरिकाने त्यावर प्रश्न विचारला पाहिजे. कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती राखण्याविषयी राज्याला सांगणारा संविधानाचा अनुच्छेद ४२ कामगारांची संख्या मोजत नाही. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अनुच्छेद २१ च्या आधारे सांगितले आहे.

कामाच्या पहिल्या दिवशी विचारावयाचे प्रश्न

विद्यार्थी मित्रांनो, पुढील प्रश्न वहीत उतरवून घ्या. नम्रपणे विचारा, परंतु विचारा.

१. हे यंत्र थांबवण्याचे बटण कोठे आहे? माझ्या हाताला ते पोहोचते काय?
२. फिरणारा, कापणारा, दाबणारा भाग कोणता? त्याला आवरण आहे काय?
३. आवरण उघडल्यास यंत्र थांबते काय? ते करून दाखवता येईल काय?
४. सफाईच्या वेळी स्विचला कुलूप कोण लावतो?
५. या यंत्रावर काम करण्याचे प्रशिक्षण मला कोण देणार? अठरा वर्षांखालील व्यक्तीला पूर्ण माहिती, आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख, यांवाचून धोकादायक यंत्रावर लावता येत नाही, असे १९४८ च्या कायद्याचे कलम २३ सांगत होते.
६. माझे नाव हजेरीपटावर आहे काय? राज्य विमा योजनेचा माझा क्रमांक कोणता? ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचा अपघातही कागदावर येत नाही.

स्वाध्याय

(अ) आपल्या गावातील पिठाची गिरणी, रसवंती, कडबा-कुट्टी किंवा मळणी यंत्र, यांपैकी एकाचे दुरून निरीक्षण करा. चिमटीच्या जागा, पट्टे आणि पाती कोठे आहेत याची आकृती काढा. कोणत्या जागी कोणत्या प्रकारचे आवरण बसवता येईल, ते लाल रेषेने दाखवा. यंत्र चालू असताना जवळ जाऊ नका.

(आ) एक प्रेस मिनिटाला पंधरा फेरे घेतो. आठ तासांच्या पाळीत अर्ध्या तासाची विश्रांती वजा केल्यास कामगाराचा हात किती वेळा साच्याखाली जाईल, ते काढा. विश्रांती वजा करणे का आवश्यक आहे, ते १८८४ च्या अर्जाच्या आधारे लिहा.

(इ) कारखान्यात काम करताना दुखापत झालेली एखादी व्यक्ती आपल्या परिचयाची असेल, तर तिच्या संमतीने तिच्याकडून ती हकिकत ऐका आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. नाव लिहू नका. अपघाताच्या कागदावर कोणते कारण लिहिले गेले होते, तेही विचारा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा आणि दोहोंत कोणता फरक आढळतो, त्यावर दहा ओळी लिहा.